काठाखाली एक बोट

गाडीत बसण्याआधी ते पेला भरायचे. स्टीलचा साधा पेला, बुडाशी त्यांच्या बायकोचं नाव कोरलेला. काठाखाली एक बोट जागा सोडून पाणी भरायचं, ओल्या फडक्याची चौपदरी घडी घालायची आणि तिच्यावर तो पेला ठेवायचा, ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर. मग गाडी सुरू. मुक्कामाला पोचलं की आधी पेल्यात बघायचं. पाणी तेवढंच असलं तर ते पिऊन टाकायचे. कमी झालं असलं तर खिडकीतून ओतून द्यायचे. सांडलेल्या पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी प्यायलेलं कोणी पाहिलं नाही.

“पाणी सांगतं,” एवढंच म्हणायचे.

त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगमागं गेली. एका बाजूला चाकूरवरून लातूर, दुसऱ्या बाजूला नांदेडवरून धर्माबाद, आणि मधला सगळा बालाघाटचा डोंगर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि जुन्या ड्रायव्हरला उस्ताद. मास्तर पुष्कळ होते. उस्ताद म्हटलं की मात्र हेच. त्यांच्या गाडीत अर्धापूरची केळी डाग न पडता पोचतात, असं बाजारात म्हणत. गाडी उस्तादची आहे का, हे विचारून बाळंतपणाला निघालेल्या लेकी माहेरची तारीख ठरवत. दोन्ही गोष्टी मी स्वतः ऐकल्या आहेत.

माझी त्यांची ओळख त्यांच्या निवृत्तीनंतर झाली, आणि तीही माझ्या चुकीमुळे.

आमचं शहर दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, एका उतारावर वसलेलं आहे. खाली स्टँड, धान्याचा मोंढा आणि जुनी पेठ. वर माळ. खाली जागा संपली तसं एकेक वर गेलं: आधी तहसील, मग सरकारी दवाखाना, मग कॉलेज. माणसं खालीच राहिली. दोन्हींच्या मध्ये नालबंदाचा चढ आहे. निजामाच्या काळात चढाच्या पायथ्याशी एक नालबंद बसायचा. वर जाणारा घोडा आधी त्याच्यापुढं उभा करायचा, नाल तपासायची, मगच चढायचं. घोडे गेले, नालबंद गेला, चढावर सिमेंट आलं. चढ तेवढाच राहिला.

लातूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी बातमी दिली होती: ‘तीव्र चढामुळे नागरिक त्रस्त’. दुसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात एका उंच, हाडकुळ्या माणसानं तो अंक माझ्यापुढं ठेवला आणि बातमीवर बोट टेकवलं.

“हे तुमीच लिवलं का?”

“हो.”

“तीव्र म्हंजे किती?”

“खूप.”

“खूप म्हंजे किती? उटा. चहा आल्यावर पिऊ.”

त्यांनी मला चढाच्या पायथ्यापासून वर चालवत नेलं. औषधाच्या दुकानापाशी थांबले. “हितं ऑटोवाला दोघाला खाली उतरिवतो.” पिंपळापाशी थांबले. “हितं बायका डोक्यावरलं वझं खाली ठिवतात. पार कुनी बांधला? कुनी न्हाई. वझी ठिवून ठिवून दगड गुळगुळीत झाला.” पाण्याच्या टाकीच्या वळणावर त्यांनी नुसतं बोट दाखवलं. तिथं एक म्हातारा दवाखान्याचा कागद हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसला होता. दम खाऊन झाला की पुढं निघणार होता.

“हे लिवा,” उस्ताद म्हणाले. “तीव्र बिव्र नका लिवू.”

मी ते लिहिलं. औषधाचं दुकान, पिंपळ, टाकीचं वळण, म्हातारा. ‘तीव्र’ हा शब्द त्यानंतर मी कुठल्याच बातमीत वापरलेला नाही.

बातमीचा परिणाम म्हणा किंवा निवडणूक जवळ आली म्हणून म्हणा, नगरपरिषदेनं एक मिनीबस आणली. हार घातला, नारळ फोडला. पहिल्याच फेरीत सगळे मानकरी बसले आणि बस नालबंदाच्या चढावर टाकीच्या वळणाशी अडकली. मागं घसरू लागली तसा मास्तरनं उडी मारून चाकामागं दगड लावला. मानकरी उतरले. त्यातल्या काहींनी बस ढकललीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून बस नगरपरिषदेच्या आवारात उभी राहिली. तिच्या सावलीत शेळ्या बसू लागल्या. चढावर बस चालू शकत नाही, असा शेरा कागदावर पडला.

उस्ताद मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गेले, तेव्हा मी सोबत होतो.

“सायब, चढाशी भांडत बसू नका. तळ्याच्या पाळीवरनं गाडी न्या.”

“बांधावरचा तो रस्ता लांबचा आहे,” मुख्याधिकारी म्हणाले. “एवढ्या वळशानं लोक बसणार नाहीत.”

“लोक आता बी बसून न्हाईत. शेळ्या बसून राहिल्यात.”

मुख्याधिकारी हसले. हसलेला अधिकारी अर्धा आपला, हा उस्तादांचा अनुभव होता. त्यांनी एक फेरी मागून घेतली. रिकामी फेरी देऊ केली तर ती नको म्हणाले. ज्यांना दवाखान्यात जायचंच आहे अशी माणसं त्यांनी पेठेतून गोळा केली. त्यात गुडघ्यांनी अधू झालेली एक आजी होती. ती शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, “मानकऱ्याला ढकलाय लागलं म्हनं. मला ढकलाय सांगितलं तर मी हितंच झोपंन.”

ड्रायव्हर तोच, पहिल्या दिवशी अडकलेला. तो घाबरलेला होता. उस्तादांनी त्याच्या शेजारी फडकं ठेवलं, पेला ठेवला, काठाखालचं बोट मोजून घेतलं.

“गाडी चढवायची न्हाई,” ते त्याला म्हणाले. “पानी वर न्यायचं. गाडी आपसूक येती.”

बस तळ्याच्या पाळीवरून गेली. वळसा लांबच होता. आजीला वाटेत डुलकी लागली. दवाखान्याच्या फाटकाशी मुख्याधिकारी स्वतः आत चढले, पेल्यात वाकून बघितलं आणि मग उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी पेला उचलला आणि सगळ्यांदेखत एका दमात रिकामा केला. बसमध्ये टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी जागी झालेल्या आजीनं विचारलं, “आलं का?”

ती बस आजही त्याच वाटेनं जाते.

इथं ही गोष्ट संपली असती तर उस्तादांचं चित्र एका कर्तबगार माणसाचं झालं असतं. ते तसं नव्हतं. तो पेला पिऊन ते खाली आले आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करायला निघाले.

जुन्या पेठेत हिंडताना तुम्हालाही ती गोष्ट दिसली असती. घराघरापुढं मुलींच्या सायकली होत्या. आठवीत सरकारी योजनेतून मिळालेल्या, एकाच रंगाच्या, पुढं टोपली असलेल्या. त्यांच्यावर कोणी बसत नव्हतं. शाळा खाली, गल्लीच्या तोंडाशी. तिथं चालत जाता येत होतं. कॉलेज वर, तिथं सायकल जात नव्हती. एका सायकलच्या दांडीवर धुणं वाळत होतं. एकीच्या टोपलीत कोंबडी अंड्यावर बसली होती. एकीवर दोडक्याचा वेल चांगला सीटपर्यंत चढला होता.

“दोडका चढला बगा,” उस्ताद म्हणाले. “पोरगी न्हाई चढली.”

दोडक्याची ती सायकल सुरेखाची. सुरेखा उस्तादांच्या समोरच्या घरातली, दहावीत शिकणारी. अंगानं बारीक, बोलायला तिखट. तिचा बाप मोंढ्यात हमाल. बस दवाखान्याच्या आणि कचेरीच्या वेळेनं धावत होती. कॉलेज सकाळी सातचं. ऑटो रोजचा परवडणारा नव्हता. बापानं सांगून टाकलं होतं, दहावी झाली की बास.

उस्ताद त्याच्याशी बोलायला गेले. तो ओट्यावर बसून पाठीला तेल चोळून घेत होता.

“पोरगी हुशार हाय,” उस्ताद म्हणाले.

“हाव, हाय की.”

“मंग कामून बसवून राहिला?”

“उस्ताद, तुमी चढ गाडीत बसून बगितला. मी पाठीवर पोतं घिऊन बगितला. रोज त्यो चढ वढून, घामाघूम होऊन, वर जाऊन ती काय शिकनार? दोन महिन्यात आपसूक घरी बसंल. तवा लोक हसतील. त्यापरीस आत्ताच बसू दे.”

ह्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. उस्तादांनी तो शोधलाही नाही.

“आन ती न उतरता सायकलीवर वर गेली तर?”

हमालानं थोडा विचार केला. “एकदा बी पाय न टेकता माळावर गेली, तर अकरावीला नाव घालतो. पन एकदा बी न्हाई.”

आतून सुरेखाचा आवाज आला, “बाबा, आता बोल्ले ते कागदावर लिहून द्या.”

“गप बस!” बाप म्हणाला. पण शब्द त्यानं मागं घेतला नाही.

नालबंदाच्या चढावरून ते शक्य नव्हतं, आणि तळ्याचा वळसा सायकलला फार लांब. उस्तादांच्या डोक्यात तिसरी वाट होती. माळावरच्या खाणीतून दगड वाहणारी गाढवं पिढ्यान्‌पिढ्या डोंगराच्या पोटावरून खालीवर करत आली होती. त्यांच्या खुरांनी गायरानातून एक वाट पडली होती, नागमोडी, आडवी आडवी वर जाणारी. उस्तादांनी चार दिवस सकाळी तिथं बसून गाढवं बघितली.

“भरल्या पाठीचं गाढव कवाच सरळ चढत न्हाई,” त्यांनी मला सांगितलं. “त्याला कुनी शिकवलं नसंल, पन त्याला ठावं हाय.”

आणि मग त्यांनी गाढवाला सुधारायचं ठरवलं.

रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन ते निघाले. शेजारी सुरेखाची सायकल, वेल काढलेली. पुढच्या टोपलीत ओलं फडकं आणि पेला, काठाखाली एक बोट. सायकल हातानं धरून ते वाटेनं चालत गेले, आणि जिथं पाणी हललं नाही तिथं फक्की टाकत गेले. गाढवानं जिथं लांबलचक वळण घेतलं होतं, तिथं ते थांबायचे, मान हलवायचे, “उगा वळलंय येडं,” म्हणायचे आणि वळण कापून सरळ रेघ ओढायचे. पाणी सांडत नव्हतं. माळावर पोचेपर्यंत त्यांनी पाच वळणं कापली. वर जाऊन पाणी प्यायले.

येत्या रविवारी पोरी ह्या वाटेनं वर जातील, असं त्यांनी पेठेत सांगून टाकलं. रविवारी अर्धी पेठ गायरानात जमली. सुरेखाचा बाप कामावरून तसाच, खांद्यावर पोतं टाकून आला. सात मुली सायकली घेऊन निघाल्या. पहिल्या कापलेल्या वळणाशी सुरेखा उतरली. दुसऱ्याशी आणखी तिघी. तिसऱ्याशी सगळ्या.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. फक्त सुरेखाच्या बापानं उस्तादांजवळ येऊन हळू आवाजात म्हटलं, “जाऊ द्या उस्ताद. तुमी लई केलं.”

लोक पांगले. उस्ताद पहिल्या वळणाशी उभे राहिले. सुरेखाची सायकल तिथंच होती. उतारावर मागं घसरू नये म्हणून तिनं मागच्या चाकाला दगड लावला होता, मास्तरलोक एस.टी.ला लावतात तसा. ती सायकल न्यायला आली, दगड काढायला वाकली.

“दगड ऱ्हाऊ दे,” उस्ताद म्हणाले.

“का?”

“तू हितं उतरली ना? मंग त्यो दगड हितंच ऱ्हाऊ दे.”

सुरेखानं त्यांच्याकडे बघितलं. “उस्तादकाका, एक इचारू? रागावनार न्हाईत ना?”

“इचार.”

“त्या दिवशी तुमी सायकल चालवत आनली होती का हातानं धरून?”

उस्तादांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाले, “धरून.”

“मंग पानी कसं सांडंल?”

मी तिथंच उभा होतो, म्हणून पुढचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. ते सुरेखाशी बोलत नव्हते, माझ्याशीही नाही. “जन्मभर इंजिनानं वढलं. मी नुसतं धरलं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून कामाची रीत बदलली. फक्की बंद. पेला घरी. रोज शाळा सुटली की मुली सायकली घेऊन गायरानात यायच्या. गाढवाची जुनी वाट धरून चढायचं, जिला जिथं उतरावं लागेल तिनं तिथं दगड ठेवायचा. आपल्या दगडावर चुन्यानं आपलं अक्षर काढायचं. उस्ताद खालून बघत बसायचे. पहिल्या आठवड्यात डोंगराच्या पोटावर दगडच दगड दिसू लागले. एकीचा दगड वर, एकीचा मध्ये. ‘सु’ लिहिलेला दगड बहुतेक ठिकाणी सगळ्यात खाली.

नगरपरिषदेच्या इंजिनिअर मॅडम नांदेडहून नव्यानंच रुजू झाल्या होत्या. मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना जागा बघायला पाठवलं. तिपाईवरचं मापाचं यंत्र घेऊन त्या आल्या आणि दगड बघून थबकल्या.

“हे काय आहे?”

“पोरींच्या सह्या,” उस्ताद म्हणाले.

“आणि वाट कोणी आखली?”

“गाढवानं.”

“मग मी कशाला आले?”

“तुमी पास करायला आल्या मॅडम. गाढवाला कागद लिवता येत न्हाई.”

मॅडमना हसू आवरलं नाही. पण कामात त्या कडक होत्या. दोन दिवस त्यांनी उन्हात मापं घेतली. तिसऱ्या दिवशी नकाशा पसरून त्यांनी उस्तादांना बोलावलं. जिथं जिथं चढ मर्यादेबाहेर जात होता, तिथं तिथं त्यांनी लाल खूण केली होती. उस्तादांना नकाशा वाचता येत नव्हता; डोंगर येत होता. त्यांनी एकेका खुणेवर बोट ठेवून विचारलं, ही कुठली, ही कुठली. प्रत्येक लाल खुणेच्या जागी ‘सु’चा दगड होता.

“पण सगळ्यात खालच्या दगडाला धरून वाट आखली तर वळणं वाढतील,” मॅडम म्हणाल्या. “बाकीच्या सहा मुली ह्याहून वर जातात. सरासरी धरू या.”

“सरासरीला सायकल चालवता येत न्हाई, मॅडम.” उस्तादांचा आवाज चढला नव्हता. “जी सगळ्यात आधी उतरली, तिचाच दगड खरा. ती चढली म्हंजे वाट झाली.”

मॅडमनी पेन्सिलनं वळण लांबवलं. मी वर्षानुवर्षं नगरपरिषदेच्या सभांना बसलो आहे. एवढ्या कमी शब्दांत मंजूर झालेला दुसरा ठराव मला आठवत नाही.

उन्हाळ्यात मुरूम पडला, रोलर फिरला, कडेनं दगडांची ओळ लागली. उस्तादांनी कापलेली पाचही वळणं गाढवाला परत मिळाली. ते भेटेल त्याला स्वतःच सांगायचे, “जितं जितं मी गाढवाला शहानपन शिकवलं, तितं तितं पोरी उतरल्या.” आणि मोठ्यानं हसायचे. आपली चूक इतक्या आवडीनं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच दिवसांत त्यांनी सुरेखाला सायकल शिकवली. चालवायला तिला येत होतीच. तिची खोड वेगळी होती: चढ दिसला की उठून उभी राहायची, जोरात पाय मारायची आणि अर्ध्यात दम संपवायची.

“टोपलीत पेला हाय, आसं समज,” ते खालून ओरडायचे. “पानी सांडू नको!”

“टोपलीत काईच न्हाई काका!”

“मी म्हनतो हाय! खाली बस! हिसका नको! पानी सांडू नको!”

हळूहळू बाकीच्या मुलीही एकमेकींना तेच ओरडू लागल्या. गायरानात गुरं राखणाऱ्यांना वाटलं, ह्यांच्याजवळ खरंच पाणी आहे. त्यांनी एकदा प्यायला मागितलं.

दहावीचा निकाल लागला. सुरेखा चांगल्या मार्कांनी पास झाली. बापानं मोंढ्यात पेढे वाटले आणि अकरावीचा अर्ज आणला नाही. मुदत संपायला तीन दिवस होते. आणखी आठवडा हातात असता तर उस्ताद थांबले असते. ती पायात अजून थोडी कच्ची आहे, असं ते मला म्हणाले होते.

“उद्या सकाळी,” त्यांनी ओट्यावर जाऊन हमालाला सांगितलं. “सातच्या कॉलेजच्या येळंला. एकदा बी न्हाई म्हनला होता. ध्यानात हाय ना?”

“हाय.”

ह्या वेळी पेठेत कोणाला सांगितलं नव्हतं. तरीही माणसं आली. उस्ताद माळावर, वाट संपते तिथं, कॉलेजच्या फाटकासमोर उभे होते. हातात पेला होता, काठाखाली एक बोट. मी त्यांच्या शेजारी होतो. हमाल मात्र वर आला नाही. तो पायथ्यापासून मुलीच्या सायकलमागं चालत निघाला. पाय टेकला की नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वरून सगळी वाट दिसते. पहिलं वळण तिनं बसून घेतलं. दुसरं बसून घेतलं. तिसऱ्याला तिचे खांदे हलू लागले. उस्तादांच्या हातातला पेला स्थिर होता. चौथ्या वळणावर, जिथं ‘सु’चा शेवटचा दगड होता, तिथं ती सीटवरून उठली.

“बस खाली,” उस्ताद पुटपुटले. एवढ्या अंतरावरून तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

सायकल जवळजवळ थांबली. पुढचं चाक डगमगलं. ती पडेल असं मला वाटलं. तेवढ्यात तिच्या मागून, धापा टाकत, भसाड्या आवाजात आरोळी आली. तो तिचा बाप होता.

“पानी सांडू नको! सुरे, पानी सांडू नको!”

ती खाली बसली. चाक सरळ झालं. एक पायडल, मग दुसरं. दगड मागं पडला. पाचव्या वळणाला माळावरून लोक ओरडत होते, बाकीच्या सहा मुली घंट्या वाजवत होत्या, आणि हमाल पोती उचलणाऱ्या पायांनी सायकलच्या मागं पळत होता. फाटकासमोर येऊन तिनं ब्रेक दाबला आणि पहिला पाय टेकला. घड्याळात सातला दोन मिनिटं कमी होती. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

हमाल वर आला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, दम घेतला. मग उस्तादांना म्हणाला, “अर्ज कुटं मिळतो?”

सुरेखा अजून धापा टाकत होती. उस्तादांनी तिच्यापुढं पेला धरला. तिनं घाईनं घेतला आणि पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. ती घाबरून त्यांच्याकडे बघू लागली.

“आता सांडू दे,” ते म्हणाले. “पी.”

दुसऱ्या दिवशीच्या अंकात माझी बातमी होती: माळावर जाणारी सायकलवाट खुली, विद्यार्थिनींची सोय. सहा ओळी. त्यात पेला नव्हता, गाढव नव्हतं. बातमीत ते बसत नाही.

उस्ताद त्यानंतर तीन वर्षं होते. रोज सकाळी पहिल्या वळणाच्या दगडावर बसून जाणाऱ्या सायकली बघायचे. मोजत नसत, नुसते बघायचे. पेठेतल्या घरांपुढं सायकली उरल्या नाहीत. दोडक्याला मांडव घालावा लागला. गेल्या थंडीत ते गेले. सुरेखा नांदेडहून आली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या बापानं खांदा दिला आणि शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

दहाव्यानंतर मी उस्तादांच्या घरी, त्यांच्या बायकोला भेटायला गेलो. काकूंनी पाणी आणलं, त्याच पेल्यात. काठाखाली एक बोट जागा होती.

“भरून द्यायला हात धजत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता कोन बगनार हाय? पन न्हाई धजत.”

परवा एका कामासाठी सकाळी माळावर जात होतो, चालत, सायकलवाटेनंच. कॉलेजची वेळ. मुलींची रांग वर जात होती. त्यात एक नवी होती. सायकल नवी, दप्तर नवं. चौथ्या वळणावर ती सीटवरून उठली आणि डगमगली. कडेला तो दगड अजून आहे. चुना उडालाय, अक्षर वाचता येत नाही.

तिच्या मागची मुलगी ओरडली, “ए, खाली बस! पानी सांडू नको!”

नवीनं मान वळवली. “कुटलं पानी?”

“मला काय म्हाईत? तसंच म्हनतात हितं. चल, दाब!”

नवी खाली बसली. चाक सरळ झालं. दोघी वळणावरून वर निघून गेल्या.